रंगाचा प्रक्षेप

गेल्या दिवाळींत आमच्या नातवानें ‘मुघल-ए-आझम’ हा चित्रपट घरीं लावला. पहिल्या दृश्यापासूनच रंग पाहून आम्ही किंचित् चमकलों. परंतु मुलें रमलीं होतीं, म्हणून गप्प राहिलों. पुढें शीशमहालांतील नृत्य आलें आणि गेलें. कोणास त्याचें विशेष नवल वाटलें नाहीं. तेव्हां मात्र आम्हांस चुटपुट लागली.

कारण, १९६० सालीं हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हां तो बहुतांशीं कृष्णधवल होता. तें गीत व शेवटचा कांहीं भाग तेवढा रंगीत होता. आम्हीं तो पुढें विद्यार्थिदशेंत पाहिला. दीर्घकाळ छायाप्रकाशांत वावरलेल्या डोळ्यांपुढें आरशांचा तो महाल एकाएकीं रंगांनीं उजळला, तेव्हां सारें प्रेक्षागृह स्तब्ध झालें होतें. २००४ सालीं संगणकाच्या साहाय्यानें सगळाच चित्रपट रंगविण्यांत आला. सर्वत्र रंग आल्यामुळें त्या एका स्थळींच्या रंगाचें तेज हरपलें.

नातू म्हणाला, “आजोबा, रंग होते म्हणून तर सगळे बसले!” ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. दिग्दर्शक के. आसिफ ह्यांसही सबंध चित्रपट रंगीत हवा होता, असें सांगतात. परंतु ते १९७१ सालीं निवर्तले; कोणत्या वस्त्रास कोणती छटा द्यावी, हें पुढें इतरांनीं ठरविलें.

संस्कृताच्या अभ्यासकांस हा प्रश्न अपरिचित नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां प्रक्षिप्त ठरलेले श्लोक संपादकांनीं फेकून दिले नाहींत. ते तळटीपांत व परिशिष्टांत ठेविले. मूळ कोणतें आणि भर कोणती, हें वाचकास कळावें, एवढाच हेतु.

चित्रपटांतही असें पाठशोधन होतें. सत्यजित राय ह्यांच्या ‘पथेर पांचाली’ची (१९५५) मूळ निगेटिव्ह १९९३ सालीं लंडनमधील आगींत होरपळली. इटलींतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनीं तिच्यांतील शक्य तेवढा भाग वाचविला व उरलेला अन्य प्रतींवरून घेतला. २०१५ सालीं तो चित्रपट पुन्हां लोकांपुढें आला, तो कृष्णधवलच.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, रंगीत आवृत्ति खुशाल काढावी. परंतु तिच्यासोबत मूळही द्यावें आणि दोहोंतील भेद वेष्टनावर स्पष्ट सांगावा. चित्रांतील बारीक कण मळ समजून पुसूं नयेत. त्या कणांनींच तें चित्र घडलेलें असतें. ते पुसले कीं चेहरे मेणाचे दिसूं लागतात. तसेंच, जुनें चौकोनी चित्र रुंद पडद्यास भरावें म्हणून वरखालीं कापूं नये.

पुढच्या रविवारीं आम्हीं मूळ प्रत मिळवून लावली. पहिला अर्धा तास मुलांची चुळबुळ चालली होती. शीशमहाल उजळला, तशी धाकटी नात उठून पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, “आजोबा, रंग आले!”