जो हललाच नाही त्याचा दाखला

यंदाच्या दिवाळी फराळाला आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात चिवड्याच्या द्रोणापासून चहाच्या पेल्यापर्यंत जो विषय अखंड चालला होता, तो फराळाचा नव्हता, नाटकाचा नव्हता, फार काय, भारतातील राजकारणाचाही नव्हता. तो होता ‘इन-स्टेट’चा, म्हणजे राज्याच्या रहिवाशाला विद्यापीठात मिळणाऱ्या शुल्कसवलतीचा. कोणाच्या मुलीला शेजारच्या राज्यातील सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, पण तेथे ती परप्रांतीय ठरते. कोणी त्याच हेतूने तिकडे लहानसे घर घेऊन ठेवले आहे. कोणाची पत्नी मुलाला घेऊन वर्षापुरती दिरांकडे राहावयास गेली आहे. आणि वाहन-परवाना, भाडेकरार, करपत्रक व विजेचे देयक हे दस्तऐवज कोणत्या क्रमाने जमवावेत, याचे विवेचन एक ज्येष्ठ सभासद इतक्या तन्मयतेने करीत होते की करंज्यांचे ताट त्यांच्यापुढून दोनदा परत गेले. घरी येताना मोटारीत माझ्या मुलीने सहज विचारले, “आई, तू एटापल्लीत इन-स्टेट होतीस की आउट-ऑफ-स्टेट?” प्रश्न थट्टेचा होता. त्याचे खरे उत्तर मात्र थट्टेचे नाही, आणि ते द्यावयाचे तर आधी त्या संध्याकाळी मनात साचलेला उद्वेग बाहेर काढला पाहिजे.

प्रथम गाऱ्हाण्याचा न्याय करू. आपण राहतो त्या कॅलिफोर्नियात, विद्यापीठाच्या दृष्टीने रहिवासी ठरण्यासाठी विद्यार्थ्याने, आणि तो पालकांवर अवलंबून असेल तर पालकांनीही, ३६६ दिवस येथे प्रत्यक्ष राहिलेले असावे लागते व येथेच राहण्याचा हेतू कागदोपत्री दाखवावा लागतो. जो हे दाखवू शकत नाही त्याला मोठा भुर्दंड बसतो: कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२५ साली नव्याने दाखल झालेल्या परप्रांतीय विद्यार्थ्यास रहिवाशाच्या शुल्कावर वर्षाला ३७,६०२ डॉलर अधिक भरावे लागतात. रक्कम छाती दडपवणारी आहे, हे मला मान्य आहे. परंतु हा जुलूम आहे, ही हाकाटी मला मान्य नाही. ज्या विद्यापीठाच्या इमारती, प्रयोगशाळा व अध्यापक तीन-चार पिढ्यांच्या करातून उभे राहिले, त्याने करदात्यांच्या मुलांना सवलत द्यावी यात अन्याय कोणता? आपल्याच मंडळात सभासदाला नाटकाचे तिकीट कमी दराने मिळते, आणि बिगरसभासदाने कुरकुर केली की आपलेच कोषाध्यक्ष त्याला घटनेतील कलम वाचून दाखवतात. शिवाय येथील न्यायालयांनी ही सवलत मोकाट सोडलेली नाही. अर्ज करतेवेळी ज्याचा पत्ता राज्याबाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा कायदा कनेक्टिकट राज्याने केला होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रद्द केला. रहिवासी झाल्याचे सिद्ध करण्याची संधी माणसाला मिळालीच पाहिजे, मग त्यासाठी राज्याने वाजवी मुदत घातली तरी चालेल, असा त्या निकालाचा आशय. वर्षभराची मुदत मला तरी वाजवीच वाटते.

हे सारे अमेरिकेचे खूळ आहे, आपल्याकडे असे काही नव्हते, असे म्हणणारेही त्या संध्याकाळी होते. माझ्या आईचे माहेर इंदूरचे. त्यामुळे ‘जोशींचा खटला’ हे शब्द लहानपणापासून माझ्या कानावर होते. तेव्हाच्या मध्यभारत राज्याने इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात असा शिरस्ता घातला होता की राज्याच्या खऱ्या रहिवाशास कॅपिटेशन फी माफ, आणि बाहेरच्याने मात्र १,५०० रुपये भरावेत. कोणा सरकारच्या वतीने आलेला असेल तर १,३००. १९५२ साली दाखल झालेले डी. पी. जोशी हे दिल्लीचे. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली की जन्मस्थानावरून भेद करण्यास संविधानाची मनाई आहे. २७ जानेवारी १९५५ रोजी न्यायालयाने बहुमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला: जन्मस्थान वेगळे व रहिवास वेगळा, मनाई आहे ती पहिल्याला, आणि राज्याने आपला पैसा आपल्या रहिवाशांच्या शिक्षणाकडे वळवला तर त्यात गैर काही नाही. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांचे मत भिन्न पडले, पण ते एकटेच राहिले. ज्याचे मूळ घर राज्यात नाही पण जो तेथे स्थायिक झाला आहे, त्याला त्या नियमाने पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती. ३६६ दिवसांवर उसासे टाकणाऱ्यांनी ती पाच वर्षे जरा ध्यानात घ्यावीत. पुढे १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी भारतात अधिवास एकच, तो देशाचा, राज्याराज्याचा निराळा नव्हे असे बजावले, आणि २९ जानेवारी २०२५ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील रहिवासाधारित आरक्षण न्यायालयाने मोडीतही काढले. तरी तहसील कचेरीतून मिळणाऱ्या अधिवास प्रमाणपत्रावाचून महाराष्ट्रात आजही मुलांचे पान हलत नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. माझे वडील वनखात्यात कारकून होते व वऱ्हाडातून बदलीने आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीस आले होते. म्हणजे त्या मुलखात आम्ही उपरेच. असे असूनही, अभियांत्रिकीच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा वय, राष्ट्रीयत्व व अधिवास यांचा माझा दाखला कोणतीही अडचण न येता मिळाला. जन्माची नोंद अमरावतीच्या नगरपालिकेत होती. वडिलांच्या सेवापुस्तकात प्रत्येक बदलीचा हुकूम चिकटवलेला होता. सरकारी निवासस्थानाच्या भाड्याच्या कपातीसुद्धा तारीखवार होत्या. आम्ही जितक्या वेळा बिऱ्हाड हलवले तितक्या वेळा सरकारने आमच्या असण्याची नोंद घेतली. माझ्याच वर्गात सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरचा माडिया आदिवासी मुलगा होता, वसतिगृहात राहणारा, गणितात माझ्यापुढे. त्याच्या बापजाद्यांनी तो डोंगर कधी सोडला नव्हता, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्याजवळ काहीही नव्हते. जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली, १ जुलै. जमातीच्या दाखल्यासाठी व त्याच्या पडताळणीसाठी विचारणा होती ती ६ सप्टेंबर १९५० रोजी त्याचे पूर्वज त्या मुलखात राहत असल्याच्या पुराव्याची.

१९५० चा पुरावा म्हणजे काय, हे ज्याने विदर्भातील कचेऱ्यांचे उंबरे झिजवले त्यालाच ठाऊक. बंदोबस्ताची मिसल, १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, कोतवालाची जन्म-मृत्यूची पंजी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. यांतून आजोबा-पणजोबांचे नाव शोधून त्याची नक्कल मिळवावयाची. हे सारे अभिलेख शेतसारा भरणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या, पटवाऱ्याच्या वहीत बसणाऱ्या माणसाचे आहेत. सूरजागडच्या रानात जंगल तोडून, जाळून पेंदा पेरणाऱ्याची शेती दर काही वर्षांनी जागा बदलीत असे, जमीन जमीनदारीची वा सरकारी जंगलाची असे, आणि १९५१ साली जमीनदाऱ्या खालसा होऊन जंगले सरकारजमा झाली तेव्हाही कसणाऱ्याचे नाव कोणत्याही रकान्यात चढले नाही. शाळा तर त्या काळी त्या बाजूस औषधालाही नव्हती. मग १९५० चा कागद आणावयाचा कोठून? आणि गंमत अशी की तो मुलूख तेव्हा महाराष्ट्रात नव्हताच. त्याचे आजोबा जन्मले ते मध्यप्रांत-वऱ्हाडात; १९५० साली ते मध्य प्रदेशचे झाले, १९५६ साली द्विभाषिक मुंबईचे, १९६० साली महाराष्ट्राचे; आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली निराळा झाला तेव्हा जिल्हाही बदलला. एवढी स्थित्यंतरे होऊनही त्या गृहस्थाची चूल जागची हलली नव्हती. माझ्या वर्गमित्राच्या हाती दाखला पडला तेव्हा प्रवेशाची मुदत टळून गेली होती. म्हणजे एटापल्लीत इन-स्टेट होते ती मी, आणि बाहेरचा ठरला तो.

माझा मुख्य मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी कोणाला दुखावण्याकरिता नव्हे, तर फराळाच्या दिवशी बोलण्यास जागा सापडली नाही म्हणून येथे मांडते: रहिवास सिद्ध करण्याची जी पद्धत आपण सर्वत्र रूढ केली आहे, ती राहण्याची परीक्षा घेत नाही, हलण्याची घेते. जो हलतो त्याच्या मागे करार, पावत्या, हुकूम, परवाने यांचा माग राहतो. तो दोन राज्यांत दोन घरे ठेवून पाहिजे त्या राज्याचा रहिवासी होऊ शकतो, त्याला फक्त चांगला हिशेबनीस मिळाला पाहिजे. जो हललाच नाही तो सरकारच्या लेखी कोठेच राहत नसतो. त्याच सूरजागडच्या डोंगरावर २००७ साली लोहखनिजासाठी ३४८.०९ हेक्टरांचा खाणपट्टा मंजूर झाला. दशांशानंतरची दोन स्थळे पाहा. डोंगरातील दगडाची मोजणी इतकी काटेकोर होऊ शकते, त्याचा नकाशा, सीमास्तंभ, मुदत व स्वामित्वधन यांची चोख नोंद होऊ शकते. आणि त्याच डोंगरावर जानेवारीत ठाकुरदेवाच्या यात्रेस जमणाऱ्या सत्तर गावांच्या इलाख्यातील माणसाला आपला आजा येथेच मेला एवढे पटवून देता येऊ नये! खाणीच्या बाजूने वा विरुद्ध मी येथे बोलत नाही. तो वाद मोठा आहे, त्यात रोजगारही आहे व रक्तही सांडले आहे, आणि हजारो कोसांवरून त्यावर निवाडा देण्याचा अधिकार मला नाही.

उपाय नाही असे मात्र नाही. तो कायद्यात लिहूनच ठेवलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ साली जे नियम झाले, त्यांतील तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे, तीत सरकारी दस्तऐवजांच्या जोडीला विहिरी, दफनभूमी, देवस्थाने अशा जुन्या खुणा येतात, आणि दावेदाराहून निराळ्या वडीलधाऱ्या माणसांचे लेखी उतरवलेले जबाबही येतात. ज्या सरकारने हे नियम लिहिले त्याला हे समजले होते की रानातला माणूस आपले दस्तऐवज जमिनीवर उभे करून ठेवतो: मृतांच्या नावाने रोवलेले दगड, देवाचे झाड, जुन्या गावठाणाची जागा. ग्रामसभेसमोर दोन म्हाताऱ्यांनी सांगितले आणि वनहक्क समितीने जागेवर जाऊन पाहणी केली, तर जमिनीच्या दाव्याला तो पुरावा चालतो. मग त्याच घरातील मुलीच्या प्रवेशासाठी तो का चालू नये?

तशीच आणखी दोन-तीन दुखणी आहेत. कर्नाटक सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी मुलांना महाराष्ट्रातील प्रवेशांत निराळी वाट ठेवली आहे, ती योग्यच; मग राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिरोंच्याच्या नदीपलीकडे शिकणाऱ्या पोरांसाठी तशी सोय असावी की नाही? २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले, नागपूरचा हेलपाटा वाचला. पण विद्यापीठ जवळ आले म्हणून कागद जवळ येत नाही. आणि आपल्या मुलांचे म्हणाल तर ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने त्यानंतर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळालेल्यांना अनिवासी भारतीयांच्या वा अधिसंख्य जागाच मोकळ्या ठेवल्या आहेत; म्हणजे ज्यांनी घरी मराठी टिकवले, दरवर्षी आजीकडे नेले, त्यांच्याही मुलांना महाराष्ट्रात आउट-ऑफ-स्टेटच काय, आउट-ऑफ-कंट्रीचा दर. यावर बोलावयाचे बरेच आहे, पण अंकाची पाने मोजकी आहेत.

लिहिता लिहिता सूर प्रवचनाचा लागला, हे मला दिसते आहे. ज्यांनी दुसऱ्या राज्यात घर घेतले त्यांनी कायदा मोडलेला नाही, आणि मुलाच्या शुल्कासाठी वर्षभर ताटातूट सोसणाऱ्या त्या भगिनीला बोल लावण्याचा मला काय अधिकार? शिवाय आपल्यातही असे आहेत ज्यांचे गाऱ्हाणे शंभर टक्के खरे आहे: आईवडिलांच्या व्हिसावर दोन-तीन वर्षांचे असताना आलेली मुले, जी येथल्याच बालवाडीत वाढली, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत वडिलांचा क्रमांक न आल्यामुळे एकविसाव्या वर्षी एकाएकी परदेशी विद्यार्थी ठरली. राहिली येथेच, पण कागद सांगतो की राहिली नाहीत. त्यांच्या आईवडिलांना सूरजागडची गोष्ट माझ्याहून लवकर कळेल असे वाटते. ज्यांना हे लिखाण लागले असेल त्यांनी उदार मनाने पोटात घालावे.

परंतु एका गोष्टीपुरती मी क्षमा मागणार नाही. आपले मंडळ दरवर्षी विदर्भातील होतकरू विद्यार्थ्यांना जी शिष्यवृत्ती देते, तिच्या अर्जाचा नमुना मी या निमित्ताने काढून वाचला. सोबत जोडावयाच्या कागदांत अधिवास प्रमाणपत्र आहे, जात वैधता प्रमाणपत्र आहे, जन्माचा दाखला आहे. एकही कमी पडला तर अर्ज विचारात घेतला जाणार नाही अशी ठळक अक्षरांत ताकीद आहे. मागील काही वर्षांच्या लाभार्थींची गावे पाहिली: नागपूर, अमरावती, वर्धा, चंद्रपूर शहर. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांतून कोणी नाही. आपला पैसा आहे, आपला नियम आहे. येथे कोणत्याही न्यायालयाचा वा मंत्रालयाचा अडसर नाही. म्हणून येत्या वार्षिक सभेसाठी मी एक ठराव कार्यवाहांकडे लेखी दिला आहे: गडचिरोली जिल्ह्यातील अर्जदाराकडे वरील कागद नसतील तर ग्रामसभेचा ठराव व गावातील दोन वडीलधाऱ्यांचे मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलेले जबाब ग्राह्य धरावेत. कार्यवाहांनी तो विषयपत्रिकेवर घेतला आहे, पण मंडळाच्या घटनेप्रमाणे अनुमोदक लागतो आणि तो अद्याप मिळालेला नाही. अनुमोदकाने मंडळाचा किमान एक वर्षाचा सभासद असले पाहिजे, व सभेच्या आधी पंधरा दिवस सही पोहोचली पाहिजे.