दुसरी खेप

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावी आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. तिच्याच पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव या शिपायास दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च पदक मिळाले. हा अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचा तेवीस वर्षांचा तरुण. त्याचा पराक्रम सांगताना लोक बहुधा हातबॉम्बांच्या हल्ल्यावर भर देतात. माझे मन मात्र त्याच्या आधीच्या घटनेवर खिळून राहते.

इटलीतील सेनिओ नदी. ९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ. नदी कसली, ओढाच तो! रुंदी सुमारे १५ फूट, पाणी चार-पाच फूट. परंतु दोन्ही तीरांवर ३०-३५ फूट उंचीचे उभे पूरबांध, आणि त्यांच्या पोटात जर्मनांनी खोदलेले मोर्चे. पूर्वेकडील बांधावर तर सुरुंगही पेरलेले. नामदेवाचे काम कंपनीचे निरोप पोहोचविण्याचे. तो अधिकाऱ्याबरोबर पाण्यातून पलीकडे निघतो तोच निदान तीन मोर्च्यांतून गोळ्यांचा मारा सुरू झाला. अधिकारी व दोन जवान घायाळ झाले. त्या तुकडीतील बाकीचे ठार झाले. धडधाकट उरला तो एकटा नामदेव.

त्याने एका जखमीस उचलले आणि खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. कोणी म्हणेल, प्रसंगाच्या आवेगात माणसाच्या हातून असे घडून जाते. असेलही. पण ओझे खाली ठेवल्यावर तो स्वतः आडोशाला होता, आणि ती वाट कशी आहे हे आता त्यास पुरते कळले होते. तरीही तो दुसऱ्या जखमीसाठी परत गेला, व त्यासही घेऊन आला. दोन्ही खेपांना वरून तोफगोळे व मशीनगनचा भडिमार चालूच होता.

तिसऱ्यांदा तो गेला तो लढावयास. मृत साथीदारांचा सूड घेण्याचा त्याचा निर्धार मानपत्रात नमूद आहे. त्याविषयी घरी बसून लिहिणाऱ्याने निवाडा देऊ नये. त्याने पहिला मोर्चा बंदुकीने शांत केला. मग हातास जखम झाली, बंदूक चालेना. ती फेकून देऊन त्याने हातबॉम्ब घेतले. ते सरले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी आणले, आणि उरलेले दोन मोर्चेही मोडले. शेवटी, तोफगोळे पडत असतानाच, तो बांधावर उघड्यावर उभा राहिला आणि मराठ्यांची रणगर्जना करीत उरलेल्यांना हात करून पलीकडे बोलावू लागला.

नामदेव जाधव १९८४ साली निवर्तले.