समुद्राची राखण आणि फितुरीचा आरोप

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बेकायदेशीर जाळ्यांचा निषेध करणारे पुष्कळ आढळतात. पण अशा जाळ्यांची खबर सरकारदरबारी देणाऱ्या माणसाची बाजू घेणारे विरळाच. निषेध सभेत करता येतो आणि त्यात कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. खबर मात्र नौकेच्या क्रमांकासह द्यावी लागते, आणि ती नौका बहुधा शेजारच्या आळीतील, क्वचित भाऊबंदांपैकीच कोणाची असते. त्यामुळे खबर देणाऱ्यावर ‘गावाशी फितूर झाला’ असा शिक्का बसतो, आणि त्या शिक्क्याच्या समर्थनार्थ काही युक्तिवादही मांडले जातात. ते युक्तिवाद पूर्वपक्ष म्हणून आधी नीट ऐकून घेणे, मग त्यांची परीक्षा करणे आणि शेवटी तक्रारीचे योग्य स्थान कोणते हे ठरवणे, असा या विवेचनाचा क्रम आहे.

प्रथम ‘बेकायदेशीर जाळे’ या शब्दाची व्याप्ती निश्चित केली पाहिजे, कारण सैल शब्दांवर उभारलेली तक्रार सैलच राहते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातील मासेमारीचे नियमन राज्याकडे असून त्यासाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा कायदा आहे. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येते. पर्ससीन म्हणजे मासळीच्या थव्याभोवती गोल फिरवून, तळाशी कड्यांतून ओवलेली दोरी ओढून बटव्यासारखे आवळले जाणारे जाळे. हे जाळे सरसकट निषिद्ध नाही. परंतु ५ फेब्रुवारी २०१६ च्या राज्य शासनाच्या आदेशाने त्याचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला, आसाला, म्हणजे जाळ्याच्या एका छिद्राच्या मापाला, किमान २५ मिलिमीटरची अट घातली आणि डॉ. वि. शं. सोमवंशी समितीच्या शिफारशीनुसार परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरवले. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात केलेल्या मासेमारीला आणि दोन नौकांनी मिळून एक जाळे ओढण्याच्या ‘बुल ट्रॉलिंग’ला मात्र केंद्र शासनाने १० नोव्हेंबर २०१७ पासून अनन्य आर्थिक क्षेत्रातही पूर्ण बंदी केली आहे. याखेरीज पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते. तेव्हा जाळे कोणते यासोबत ते कोठे, केव्हा आणि कोणत्या परवान्यावर टाकले, हे ठरल्यावाचून गुन्हा ठरत नाही.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की, समुद्राला कुंपण नसते, तो कोणाच्याच मालकीचा नाही, आणि त्यावर लादलेले नियम हे मंत्रालयात बसून केलेले बाहेरचे नियम आहेत. किनाऱ्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. डोल, म्हणजे खांबांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवलेले पिशवीसारखे जाळे, कोठे बांधायचे याच्या जागा कोळीवाड्यांत परंपरेने ठरलेल्या असतात. रापण, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढले जाणारे लांब जाळे, पाळी आणि वाटणी यांवाचून चालतच नाही. आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याखेरीज होडी न लोटण्याचा रिवाज कोणत्याही शासकीय अधिसूचनेहून जुना आहे. शिवाय सध्याचा कायदाही किनाऱ्यावर आकाशातून पडलेला नाही. १९७० च्या दशकात गोव्यातील रापणकार यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मतानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांच्या साथीने रस्त्यावर उतरले, इतर राज्यांतही असेच संघर्ष पेटले, केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली, आणि त्यातून आदर्श विधेयक तयार होऊन १९८० मध्ये गोवा व केरळ यांनी आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राने कायदे केले. ज्या कायद्याचा उगमच लहान मच्छीमारांच्या तक्रारीत आहे, त्या कायद्याखाली तक्रार करणे परकेपणाचे ठरवणे हे इतिहासाचे विस्मरण होय.

दुसरा युक्तिवाद प्रगतीचा आहे: शिडाच्या जागी इंजिन आले तेव्हाही ओरड झाली होती, मग दिव्यांनाच विरोध का? येथे दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. इंजिनाने मच्छीमार माशापर्यंत पोहोचतो. प्रखर दिव्यांनी मासा आपल्या चालीने जाण्याचे सोडून जाळ्यापर्यंत खेचला जातो. अंधाऱ्या रात्री जनरेटरवर चालणारे दिवे पाण्यावर किंवा पाण्यात सोडले की बांगडा, तारली, माकूल यांसारखी प्रकाशाकडे ओढली जाणारी मासळी विस्तीर्ण परिसरातून एका ठिकाणी गोळा होते, तिच्यामागे तिला खाणारे मोठे मासेही येतात, आणि आवळत्या जाळ्यात लहानमोठ्याचा भेद उरत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला असून त्यात पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. एकदाही अंडी न घातलेले पिलू विकणे म्हणजे पुढच्या हंगामाचे बियाणे दळून खाणे, हा त्यामागचा साधा हिशेब आहे. येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. २०१९ मध्ये राज्याचे सागरी मत्स्योत्पादन सुमारे २.०१ लाख टनांपर्यंत घसरले, तेव्हा ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांनी बुडवलेले मासेमारीचे दिवसही त्याला कारणीभूत होते. सगळी घट बेकायदेशीर जाळ्यांच्या माथी मारता येत नाही. पण वादळ आवरणे कोणाच्या हाती नाही आणि जाळे आवरणे आहे, एवढा भेद धोरणासाठी पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप करुणेचा असल्यामुळे अधिक गंभीर आहे. तक्रारीने नाखवा, म्हणजे नौकामालक, सहीसलामत सुटतो आणि हातावर पोट असलेला खलाशी भरडला जातो, असे सांगितले जाते. परंतु कायद्यातील कारवाई नौका, तिचा परवाना आणि दंड यांभोवती फिरते. पूर्वी दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत असे आणि मोठ्या मालकाला तो धंद्यातील एक खर्च वाटे. २०२१ च्या सुधारणेने एलईडी मासेमारीसाठी तो ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत नेला, तो याच कारणाने. जनरेटर, दिवे आणि मोठे जाळे यांत भांडवल गुंतवणारा माणूस गरीब नसतो. खलाशाचा पगार बुडू नये ही काळजी रास्तच आहे, पण तिचे उत्तर मालकाकडून त्याची देणी वसूल करण्यात आहे. आणि करुणेचे माप लावायचेच, तर ते छोट्या होडीतून किनाऱ्यालगत जाळे टाकणाऱ्या त्या मच्छीमारालाही लावले पाहिजे, ज्याच्या वाट्याची मासळी रात्रीत दिव्याखाली गोळा झालेली असते.

आता फितुरीचा मूळ आरोप. फितुरी म्हणजे स्वतःच्या लाभासाठी आपल्या समूहाचे हित शत्रूच्या हाती देणे. या व्याख्येत खबर देणारा बसतो की नियम मोडणारा, हे पाहिले की आरोपाची दिशा आपोआप फिरते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, सामायिक संपत्तीतून प्रत्येकजण आपला लाभ वाढवत जातो आणि शेवटी सर्वांचाच नाश ओढवतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात मासेमारी, पाटपाणी आणि कुरणे यांची उदाहरणे तपासून दाखवले की, हा नाश अटळ नसतो. जेथे वापरणारे लोक स्वतः पाळत ठेवतात आणि नियमभंगाला चढत्या श्रेणीची शिक्षा होते, तेथे सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कोकणाला हे तत्त्व नवे नाही. शेताची आणि बागेची राखण करणारा माणूस चोराचे नाव सांगतो तेव्हा त्याला कोणी चुगलखोर म्हणत नाही. समुद्राला बांध नाही, म्हणून तेथील राखणेचे नाव बदलण्याचे कारण नाही.

शेवटचा युक्तिवाद निराशेचा आहे, आणि त्याच्या पूर्वार्धात पुष्कळ सत्य आहे. तक्रार दिली तरी गस्तीनौका येईपर्यंत दिवे विझतात, खबर धक्क्यावर आधीच फुटते, दंडाचे प्रकरण रेंगाळते. झाईपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्याला थोड्या गस्तीनौका पुरत नाहीत. मात्र यावरून ‘आता आपणच समुद्रात जाऊन त्यांना धरू’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो घातक आहे. दुसऱ्याची नौका अडवणारा, तिच्यावर चढणारा वा जाळे कापणारा स्वतःच आरोपी होतो, मूळ गुन्हा बाजूला पडतो, आणि अंधारात दोन नौका भिडल्या की जीवही जातो. नौकेवर चढून झडती घेण्याचा, ती अडकवून ठेवण्याचा आणि मासळी जप्त करण्याचा अधिकार कायद्याने अंमलबजावणी अधिकाऱ्याला दिला आहे. मच्छीमाराकडे जे आहे ते ज्ञान आहे, आणि त्याचा उपयोग साक्ष म्हणून होतो. तक्रार निष्फळ ठरते म्हणून ती सोडून द्यावी असे नसून, निष्फळतेची कारणे दूर करावीत, हाच तर्कशुद्ध निष्कर्ष होय.

त्या दृष्टीने तक्रारीचा पहिला गुण नेमकेपणा. ‘बाहेरच्या बोटी आल्यात’ एवढे सांगणे गाऱ्हाणे होते. नौकेचा नोंदणी क्रमांक, जीपीएसवरील स्थान, वेळ, जाळ्याचा प्रकार आणि शक्य तेथे सुरक्षित अंतरावरून घेतलेले छायाचित्र एवढे दिले की ती साक्ष होते. दुसरे असे की, पुष्कळ गुन्ह्यांची खूण खोल पाण्यात शोधावी लागत नाही: नौकेवर बसवलेला जनरेटर आणि दिव्यांची रांग धक्क्यावर दिवसाढवळ्या दिसते, आणि लहान पिलांचे ढीग लिलावातच मांडलेले असतात. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनद्वारे देखरेख सुरू केली आहे. पण ड्रोनने टिपलेल्या नौकेचा परवाना कोणता, तिने कोणत्या बंदरात माल उतरवला, हे जाणणारा माणूस किनाऱ्यावरच असतो, म्हणून यंत्र आणि माहीतगार हे एकमेकांना पूरक ठरतात. तिसरे, व्यक्तीऐवजी मच्छीमार सहकारी संस्थेने लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, म्हणजे वैर एका घरावर येत नाही आणि खोडसाळ तक्रारीलाही आळा बसतो.

तथापि कर्तव्याचा अर्धा भार शासनावर आहे, आणि तो उचलला जात नाही तोवर मच्छीमाराला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(छ) ने कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत उघड करण्यापासून संरक्षण दिले आहे; त्याच कायद्याने नागरिकाला तक्रारीवर काय झाले हे विचारण्याचा अधिकारही दिला आहे. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या की तक्रारव्यवस्थेचे सगळे तत्त्व हाती येते: नौकेचा क्रमांक सांगणाऱ्याचे नाव झाकलेले राहावे, आणि त्या क्रमांकाचे पुढे काय झाले ते बंदरातील फलकावर, दंडाच्या रकमेसह, सर्वांना वाचता यावे. किनाऱ्यावर आज वारंवार याच्या उलट घडते. नाव दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पोहोचते आणि निकाल कपाटात राहतो. फितुरी हा शब्द वापरायचाच असेल, तर तो या उलट्या व्यवहाराला लावावा.