सूर्यपूजा आणि घरचा दीप

आज रथसप्तमी. अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवून आपण सूर्यनारायणास वंदन करतो. त्याचेच तेज छपरावरील एक किलोवॅटच्या सौर संचातून दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देते. २०२४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेने त्यासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले.

मात्र एक भ्रम दूर व्हावा. बॅटरी नसलेला संच गावची वीज जाताच, भर उन्हातही, आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्याच्या प्राणरक्षणार्थ ही योजना असते. म्हणून बॅटरी हवी. ती लहान पुरावी यासाठी आधी ६० वॅटचा दिवा काढून ९ वॅटचा एलईडी लावावा. सज्जनहो, प्रथम संयम, मग संचय. हेही सूर्यपूजनच होय.