कात्री एकच, प्रश्न घड्याळाचा

विळीवर बोट कापलं की आपण त्यावर हळद दाबतो आणि रक्त थांबतं. श्रेय हळदीला जातं; काम केलेलं असतं रक्तातल्या बिंबिकांनी आणि फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळीनं. मात्र ही जाळी कायमची राहून भागत नाही. म्हणून रक्तात प्लाझ्मिनोजेन फिरत असतं. ते फायब्रिनला चिकटतं, त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ही कात्री धागे कातरू लागते.

गंमत अशी, की गुठळी विरघळवणारी औषधं आणि ती टिकवणारं औषध, दोन्हींचा संबंध याच कात्रीशी. घसा धरणाऱ्या जंतूंच्या कुळातून मिळालेलं स्ट्रेप्टोकायनेज किंवा टीपीए ही कात्री चालू करतात. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड ती अडवतं. प्लाझ्मिनोजेनच्या ज्या खाचा फायब्रिनला धरतात, त्यांत ते स्वतःच जाऊन बसतं. नवी गुठळी ते करत नाही, झालेली राखतं.

हे औषध जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याचं, १९६२ सालचं. युद्धानंतरच्या ओढगस्तीत तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत राबत. बाळंतिणी रक्तस्रावानं दगावू नयेत, ही त्यांची आस. पण चाचणीसाठी तिथले प्रसूतितज्ज्ञ काही बधले नाहीत. अखेर २१ देशांतल्या वीस हजारांहून अधिक बाळंतिणींवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांत रक्तस्रावानं होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले होते. त्यानंतर दिलं तर फायदा दिसला नाही. उताकोबाई आदल्याच वर्षी, ९८व्या वर्षी गेल्या. स्वस्तातलं औषध, आणि वाट पाहिली पंचावन्न वर्षं! बाईच्या दुखण्याला जगात कुठेही रांगेत शेवटचा नंबर, दुसरं काय?

घड्याळाचा जाच दुसऱ्या बाजूलाही आहे. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आपल्याकडे अजूनही तेल चोळत बसतात. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. तेही सीटी स्कॅननंतर, कारण गुठळीऐवजी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर हीच कात्री जिवावर उठते. तेव्हा नुसतं ‘जवळचं’ रुग्णालय पुरत नाही. रात्री दोन वाजता स्कॅन कुठे होतो आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं, हे फॅमिली डॉक्टरांना आजच विचारून फोनशेजारी लिहून ठेवावं. घरात कुणी गरोदर असेल, तर प्रसूतिगृहात ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हाताशी असतं का, हेही.