पोर्ट परत आले, दुरुस्तीचं काय?

कामाची यंत्रं (साप्ताहिक स्तंभ)

लग्नाच्या तारखा निघू लागल्या की पांढुर्णा आणि सौंसरमधले फोटोग्राफर, व्हिडिओवाले एकच प्रश्न विचारतात. मागच्या हंगामाचे पैसे हातात आहेत, नव्या रूपातला मॅकबुक प्रो घ्यावा का? अलीकडे त्यांच्यात टॅक्सचं काम करणारे, ई-टेंडर भरून देणारे आणि अडतीचे हिशेब ठेवणारेही आले आहेत. दीड लाखाच्या वरची ही वस्तू आहे आणि बहुतेकांची हप्त्यावर घ्यायची तयारी आहे. म्हणून माझं उत्तर आधीच सांगतो. ज्याचं पोट कॅमेऱ्यावर आहे त्याने घ्यावा, पण जुनं यंत्र विकून घेऊ नये. ज्याचं पोट टॅलीवर आहे त्याने अजिबात घेऊ नये.

हे रूप कुठून आलं हे समजल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून थोडं मागे जाऊ. २७ ऑक्टोबर २०१६ रोजी ॲपलने मॅकबुक प्रो नव्याने घडवून बाजारात आणला. पंधरा इंची यंत्राची जाडी १८ मिलिमीटरवरून साडेपंधरावर आली आणि वजन दोन किलोंच्या खाली गेलं. त्याची किंमत काम करणाऱ्यांनी मोजली. एसडी कार्डचा स्लॉट गेला, एचडीएमआय गेलं, पेनड्राइव्ह लावायचं नेहमीचं यूएसबी गेलं, पायात वायर अडकली तर अलगद सुटून येणारं मॅगसेफ चार्जर गेलं. बहुतेक मॉडेलांवरून वरच्या फंक्शन बटणांची ओळही गेली आणि तिथे टच बार नावाची काचेची पट्टी बसली. त्याच दिवशी कंपनीने २०१२चा तेरा इंची मॅकबुक प्रो विक्रीतून काढून टाकला. त्या यंत्राला डीव्हीडी ड्राइव्ह होता. मागचं झाकण स्क्रू काढून उघडायचं, रॅम वाढवायची, हार्ड डिस्क बदलायची, हे कोणत्याही जाणत्या मेकॅनिकला जमायचं. लग्नाची डीव्हीडी करून देणाऱ्या माणसासाठी त्याहून सोयीचा लॅपटॉप ॲपलने पुढे बनवला नाही.

कार्डाचा स्लॉट का काढला, हे कंपनीचे तेव्हाचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं. कार्ड अर्धं बाहेर लोंबतं, ते अडचणीचं वाटतं आणि आता कॅमेऱ्यांतही वायरलेस सोय येऊ लागली आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा विचार करणाऱ्याने गोटमारीच्या, म्हणजे दोन काठांवरच्या दगडफेकीच्या, दिवशी जामनदीच्या काठावर उभं राहून पाहायला हवं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडच्या गच्च्यांवर कॅमेरे. संध्याकाळच्या आत चित्रण नागपूर-भोपाळला पोचवायचं असतं. त्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क रांगतं. अशा वेळी वायरलेसच्या भरवशावर कोणी राहत नाही. कार्ड काढायचं, लॅपटॉपात घालायचं, कापायचं, पाठवायचं, एवढंच.

हिशेब करून पाहा. चौसष्ट जीबीचं कार्ड भरलेलं आहे. जुन्या पद्धतीच्या स्वस्त यूएसबी-२ रीडरमधून सेकंदाला साधारण तीसेक एमबी मिळतात, म्हणजे कार्ड रिकामं व्हायला अर्धा तास. लॅपटॉपच्याच चांगल्या स्लॉटमध्ये नव्वद एमबीने वाचणारं साधं कार्ड घातलं तर बारा मिनिटं, आणि वेगवान यूएचएस-२ कार्ड असेल तर पाचाच्या आत. लग्नात हळदीचं, वरातीचं, मंगलाष्टकांचं अशी तीन-चार कार्डं असतात. दोन तासांचं काम की अर्ध्या तासाचं, हा फरक एका स्लॉटने पडतो.

बातमीदार आणि फोटोग्राफरांचं हे झालं. पण मला जास्त जिव्हाळ्याची वाटते ती फंक्शन बटणांची गोष्ट, कारण तिच्यावर फार कमी लिहिलं गेलं आहे. कापसाच्या हंगामात एखाद्या अडतीच्या दुकानात बसा. अकाउंटंटच्या डाव्या हातात काटापट्टी असते, नजर पट्टीवरच्या वजनावर असते आणि उजवा हात कीबोर्डवर चालत असतो. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये एफ-९ म्हणजे खरेदी, एफ-८ विक्री, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल. चुकलं की एस्केप. हा माणूस कीबोर्डकडे पाहतच नाही. बटणांच्या ओळीतल्या त्या बारीक फटी बोटाला कळतात, चार-चार बटणांचे गट कळतात आणि बोट बरोबर जागी पडतं. आता तिथे काचेची सपाट पट्टी ठेवा. बोटाला काहीच कळत नाही, दर नोंदीला मान खाली घालावी लागते, आणि बोट नुसतं टेकलं तरी आज्ञा सुटते. दिवसाला दोनशे नोंदी करणाऱ्याला हा छळ आहे.

ही चूक एकट्या ॲपलची नाही. लेनोव्होने ॲपलच्या दोन वर्षं आधी, २०१४च्या थिंकपॅड एक्स-१ कार्बनवर बदलत्या चिन्हांची पट्टी बसवली होती. व्यावसायिकांचा विश्वासाचा म्हणून ओळखला जाणारा तो लॅपटॉप. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी खरी बटणं परत आली. तो अनुभव डोळ्यांसमोर असूनही डेलने २०२२मध्ये एक्सपीएस १३ प्लसवर तेच केलं. वर हेडफोनचं भोकही काढलं आणि टचपॅडच्या कडा दिसेनाशा केल्या. जानेवारी २०२६मध्ये नवे एक्सपीएस आणताना कंपनीने बटणांची ओळ पुन्हा जागेवर बसवली. तीन मोठ्या कंपन्या, बारा वर्षं आणि तोच धडा. या यंत्रांच्या घडणीच्या चर्चेत रोज दोनशे व्हाउचर टाकणारा माणूस बसलेला नसतो, दुसरं काय कारण असणार?

मॅकबुकच्या कीबोर्डचं दुखणं तर याहून खोल होतं. जाडी कमी करण्यासाठी २०१५ पासून ॲपलने बटरफ्लाय नावाची रचना वापरली. बटण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच खाली जायचं आणि धुळीचा कण आत गेला की अडकायचं, नाहीतर एकाच दाबात अक्षर दोनदा उमटायचं. ज्या गावात उन्हाळ्यात धूळ आणि जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू असतात, तिथे असा कीबोर्ड किती टिकणार? जून २०१८मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. नोव्हेंबर २०१९मध्ये सोळा इंची मॉडेलवर जुन्या पद्धतीची बटणं आणि खरं एस्केप परत आलं. अमेरिकेत खटला झाला आणि २०२२मध्ये पाच कोटी डॉलरची तडजोड झाली, पण ती तिथल्या सात राज्यांतल्या ग्राहकांपुरती. आपल्याकडच्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

मग १८ ऑक्टोबर २०२१ रोजी चौदा आणि सोळा इंची नवे मॅकबुक प्रो आले. आज विकला जातो तो या वंशातला. एसडी कार्डचा स्लॉट परत, एचडीएमआय परत, मॅगसेफ परत, पूर्ण उंचीची फंक्शन बटणं परत, टच बार हद्दपार. सोळा इंची यंत्राचं वजन २.१ किलो झालं, म्हणजे २०१५च्या पंधरा इंचीपेक्षाही किंचित जास्त, आणि कोणीही तक्रार केली नाही. २०१६च्या रूपातली एक चांगली गोष्टही कंपनीने राखली. मॅगसेफचं चार्जर नागपूरला विसरलं तरी टाइप-सी केबलने यंत्र चार्ज होतं, आणि तशी केबल आपल्या बसस्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानातही मिळते. आधीच्या मॅगसेफच्या काळात चार्जर जळलं की काम थांबायचं.

उन्हाळ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. जुलै २०१८मध्ये इंटेलच्या आय-९ चिपचा मॅकबुक प्रो गरम होऊन मंदावतो, असं गाजलं आणि कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. नव्या चिपा खूपच थंड चालतात, हे खरं आहे. पण ॲपलने स्वतः हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं नमूद केलं आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात लॉनवरच्या मांडवात दुपारी काय असतं हे सगळ्यांना माहीत आहे. कार्ड रिकामं करायचं ते कूलरच्या खोलीत.

म्हणजे रोजच्या कामाच्या बाजूने हे रूप चांगलं आहे, कदाचित गेल्या दहा वर्षांतलं सर्वांत चांगलं. अल्बम डिझाइन करणाऱ्यांसाठी मात्र मेमरीचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. १२ बाय ३६ इंचांचं एक पान ३०० डीपीआयने काढलं की ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल होतात. जवळपास चार कोटी पिक्सेल. फोटोशॉपमध्ये त्याचा एक पूर्ण लेअर सव्वाशे एमबीच्या जवळ जातो आणि आपल्याकडच्या अल्बममध्ये फुलं, चौकट, सावली, वधू-वर असे पंधरा-वीस लेअर सहज असतात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने १,६९,९०० रुपयांना आठ जीबीचा मॅकबुक प्रो विकला, हे मला आजही पटत नाही. पुढच्या वर्षी त्याच किमतीत सोळा जीबी दिली, ही बरी गोष्ट. पण ती रॅम चिपेलाच जोडलेली आहे. आज सोळा घेतली तर शेवटपर्यंत सोळाच. अल्बमवाल्याने चोवीसच्या खाली घेऊ नये आणि सेकंडहॅन्डचा आठ जीबीवाला स्वस्तात मिळतो म्हणून भुलू नये.

टॅलीवाल्यांना नको का म्हणतो, तेही सांगतो. टॅली विंडोजवर चालते. पूर्वी मॅकवर बूट कॅम्पमधून थेट विंडोज टाकता यायची. २००६ पासूनची ती सोय ॲपलच्या स्वतःच्या चिपा आल्यावर, म्हणजे नोव्हेंबर २०२० नंतरच्या यंत्रांत, उरली नाही. ई-टेंडर आणि रिटर्नसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीचं टोकन नेहमीच्या चौकोनी यूएसबीचं असतं आणि मॅकबुकला ते भोक अजूनही नाही. लग्नाचं चित्रण एडियसमध्ये कापणाऱ्यांनाही हेच लागू, एडियस फक्त विंडोजवर आहे. ज्याची सगळी टेम्प्लेटं त्यात आहेत त्याने नव्या यंत्रासाठी हात बदलू नये. चांगला विंडोज लॅपटॉप घ्यावा, ज्याच्यावर फंक्शन बटणं खरी आहेत, यूएसबीची निदान दोन भोकं आहेत आणि रॅमचा स्लॉट मोकळा आहे.

आता दुरुस्ती. या बाबतीत २०२१चं रूप जुन्यासारखंच निराश करतं. बॅटरी आता ओढून सुटणाऱ्या पट्ट्यांवर बसवलेली आहे, आधीसारखी घट्ट चिकटवलेली नाही, एवढी सुधारणा झाली. पण रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डाचा भाग. बोर्ड गेला की त्यावरचं चित्रणही गेलं. आपल्या गावच्या मेकॅनिकच्या हातात काही उरत नाही. अधिकृत दुरुस्तीसाठी नागपूर गाठावं लागतं, सौंसरहून सत्तरेक किलोमीटर, पांढुर्ण्याहून जवळपास शंभर. एकदा ठेवायला जा, एकदा आणायला जा, मधले दिवस हातात यंत्र नाही. वैशाखात हे घडलं तर लग्नवाल्यांना काय सांगणार? म्हणूनच जुनं यंत्र विकू नका म्हणतो. विकून मिळणारे पंचवीस-तीस हजार त्या एका आठवड्यात वसूल होतात. आणि प्रत्येक कार्डाची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्याच रात्री उतरवा, कार्ड पुसण्याच्या आधी. विंडोज लॅपटॉप घेणाऱ्यांनी घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे दुकानदाराकडून लिहून घ्यावं. तोंडी हो म्हणणारे पुष्कळ असतात.

ग्राहकाने एवढी काळजी घ्यायची आणि कंपन्यांनी काहीच करायचं नाही, हे मला मान्य नाही. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. महागडे लॅपटॉप इथल्या लोकांना हप्त्यावर विकले जातात. तर बिघडलेलं यंत्र इथेच स्वीकारून नागपूरला पाठवणारं आणि परत आणून देणारं एक ठिकाण तरी जिल्ह्याच्या गावी असायला हवं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो किती दुरुस्त होऊ शकतो याचे दहापैकी गुण दुकानात लावावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा मोबाइल, वाहनं, घरगुती उपकरणं आणि शेतीची अवजारं या क्षेत्रांची नावं घेतली. ज्या लॅपटॉपवर आज हजारो घरं चालतात त्याच्याही खोक्यावर असे गुण छापलेले हवेत, आणि ते छापणं कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता सक्तीचं हवं.

– जामकाठकर