भाव उतरले, किंमत कोणी मोजली?

१९८२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स विभागातील ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या कृष्णवर्णीय तरुणांच्या वृंदाच्या नावे ‘द मेसेज’ हे हिप-हॉप गीत प्रसिद्ध झाले. तोवर हा गानप्रकार प्रामुख्याने नाचगाण्याचा होता. या गीताने पडकी वस्ती, वाढती महागाई, कर्जापोटी ओढून नेलेली मोटार असा रोजच्या जगण्याचा हिशेब मांडला.

त्या हिशेबाची दुसरी बाजू वॉशिंग्टनमध्ये लिहिली जात होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी चलनपुरवठा आवळला, व्याजदर कडाडले. १९८० साली साडेतेरा टक्के असलेली महागाई १९८३ साली सुमारे तीन टक्क्यांवर आली. यालाच यश म्हणण्याची प्रथा आहे. परंतु १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. कृष्णवर्णीयांत ती वीस टक्क्यांहून अधिक होती. भाव उतरविण्याची किंमत अशा रीतीने ज्यांच्यापाशी मुळातच काही नव्हते, त्यांच्याकडून वसूल झाली.

गीताच्या अखेरीस रस्त्याच्या कोपऱ्यावर बोलत उभ्या असलेल्या तरुणांना पोलीस पकडून नेतात. गीत तेथेच थांबते. दुःखाची कारणमीमांसा आणि त्यावरचा मार्ग गीताकडे मागणे अन्यायाचे ठरेल. ते काम संघटनेचे. महागाईवर व्याजदरवाढीचा उतारा आजही योजला जातो. तो योजला जाताना ‘किंमत कोण मोजणार?’ हा प्रश्न जो पक्ष विचारीत नाही, त्याला वस्तीतले गाणे ऐकूच आलेले नाही.